भुसावळच्या उन्हात स्विस पहाडी कुत्रा कसा सांभाळायचा

खान्देशात बर्नीज माउंटन डॉग पाळता येतो का, असं मला लग्नात, भाजीबाजारात, कुठेही विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. घरात एसीची एक खोली हवी. वीज गेली तर निदान पंखा आणि कूलर ओढेल असा इन्व्हर्टर हवा. दिवसभर घरात असणारं एक माणूस हवं आणि पहाटे पाचला उठायची तयारी हवी. चारही असतील तर पुढचं वाचा. यातलं एक जरी नसेल तर गावठी कुत्रं आणा. तेही तेवढीच माया करतं आणि मे महिना कसा काढायचा हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

मी भुसावळची. आमचे हे रेल्वेतून निवृत्त झालेत. आमचा बर्नीज मुलाने पुण्यात घेतला होता. पुढे त्याला परदेशात नोकरी लागली आणि कुत्रा आमच्याकडे आला. पुण्यातलं त्याचं इंग्रजी नाव सासूबाईंच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी त्याला सर्जा म्हणायला सुरुवात केली. नाव बैलाचं असलं तरी चुकलेलं नाही, कारण ही जात मुळात गाडी ओढणारीच. पहिल्यांदा दूध घालायला आलेल्या दूधवाल्याने फाटकातूनच विचारलं, "हाई कुत्रं शे का आस्वल शे वं माय?" हा प्रश्न आजही रोज कोणीतरी विचारतंच.

कुठला कुत्रा, कशासाठी

स्वित्झर्लंडच्या या गोठ्यावरच्या पहाडी कुत्र्यांच्या चार जाती आहेत: ग्रेटर स्विस, बर्नीज, अ‍ॅपेनझेलर आणि एंटलेबुखर. चारही तिरंगी. सहसा काळ्या अंगावर छातीला आणि कपाळाला पांढरं, डोळ्यांवर आणि पायांवर तांबूस. लांब केस फक्त बर्नीजला, बाकी तिघे आखूड केसांचे. सेंट बर्नार्डही स्विसच, पण तो यांच्यात मोडत नाही. आमच्या गल्लीत मात्र सगळे सर्जाला सेंट बर्नार्डच म्हणतात आणि मी आता दुरुस्त करणं सोडून दिलंय.

आल्प्सच्या उतारांवर गाईगुरं राखणाऱ्या लोकांनी हे कुत्रे वाढवले. गाई हाकणं, अंगण राखणं आणि दुधाचे कॅन भरलेली छोटी गाडी ओढून डेअरीपर्यंत नेणं, ही त्यांची कामं. रेल्वे आणि यंत्रं आली तसा त्यांचा उपयोग कमी झाला आणि हळूहळू चांगले कुत्रे मिळेनासे झाले. झुरिकचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक आल्बर्ट हाइम यांनी त्यांच्याकडे लोकांचं लक्ष वेधलं. बर्नीजचा क्लब १९०७ मध्ये निघाला. १९०८ मध्ये एका कुत्र्यांच्या प्रदर्शनात कुणीतरी आखूड केसांचा 'बर्नीज' आणला. हाइमनी तो पाहिला आणि ही वेगळी, जवळजवळ संपलेली जुनी जात आहे हे ओळखलं. तोच आजचा ग्रेटर स्विस.

हा इतिहास सांगायचं कारण असं, की कामावरून स्वभाव कळतो. हा कुत्रा माणसांच्या सोबत काम करायला घडलेला आहे. शेतातल्या खोलीवर साखळीला बांधून राखणीला ठेवायचा विचार असेल तर घेऊच नका. रावेर-यावलकडून मला असे फोन येतात: "ताई, केळीच्या बागेत राखणीला चालेल का?" नाही चालणार. एकटा बांधला की तो भुंकत राहतो, नाहीतर खाणं सोडतो. आणि चोर आला, त्याने प्रेमाने हाक मारली, तर शेपूट हलवत त्याच्याकडे जाईल याची मला खात्री आहे.

आकाराचंही आधीच समजून घ्या. बर्नीज नर खांद्याशी ६४ ते ७० सेंटिमीटर उंच आणि साधारण ४० ते ५० किलोचा. ग्रेटर स्विसचा नर साठीच्या घरात जातो. अ‍ॅपेनझेलर आणि एंटलेबुखर बरेच लहान, वीस ते तीस किलोंचे. पण ते भलतेच चपळ, सतत काहीतरी काम मागणारे, आणि अ‍ॅपेनझेलर तर भुंकण्याबद्दल प्रसिद्ध. आपल्याकडे हे दोन्ही सहसा पाहायलाच मिळत नाहीत. तेव्हा व्यवहारात प्रश्न बर्नीजचाच असतो.

ऊन

बर्न शहरात भर उन्हाळ्यात दुपारचं सरासरी कमाल तापमान पंचविशीच्या आसपास असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ पार जातो आणि रात्रीही तिशीच्या खाली यायला नखरे करतो. या दोन आकड्यांमधली दरी तुम्हाला रोज, हाताने भरून काढायची आहे. बाकी सगळं यानंतर.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो ल्हाल्हा करून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. जिभेवरचा आणि श्वासनलिकेतला ओलावा वाफ होऊन जातो, तेवढीच थंडाई. त्यात याचं अंग मोठं, रंग काळा आणि केसांचे दोन थर. वरचा लांब, आतला लोकरीसारखा. अंग तापायला वेळ लागत नाही आणि निवायला मात्र फार वेळ लागतो.

आता खान्देशाची एक सोय आणि एक फसगत. आपला मे कोरडा. कोरड्या हवेत ल्हाल्हा करून वाफ नीट उडते, आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलरही झकास चालतो. पण कूलरची खोली बंद करून चालत नाही. समोरची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा. नाहीतर ओल खोलीतच कोंडते आणि कुत्रा जास्त धापा टाकतो. फसगत मृगाच्या पहिल्या पावसानंतर. अंगणात गारवा आला म्हणून माणसं सुटकेचा श्वास सोडतात, पण तेव्हा पारा छत्तीस-सदतीसवर आणि हवा दमट असते. वाफ उडत नाही, कूलर नुसती ओली हवा फेकतो. जून-जुलै आणि पुढे ऑक्टोबरची ती चिकचिक, हे दिवस मला मेपेक्षा वाईट वाटतात. तेव्हा एसीच लागतो. आम्ही चोवीस-पंचवीसवर लावतो. विजेचं बिल येतं त्या दिवशी हे जेवताना फारसं बोलत नाहीत.

उन्हाळ्यातला दिवस असा लावायचा. पहाटे पाचला बाहेर, सहाला घरात. नऊच्या आत खिडक्यांना जाड पडदे. दुपारभर त्याची खोली ठरलेली, तिच्यात पोरांचा धिंगाणा नाही. संध्याकाळी सातला ऊन उतरलेलं दिसतं, पण सिमेंटचा रस्ता अजून भाजत असतो. हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेका. मनात सात मोजेपर्यंत ठेववली नाही, तर कुत्र्याच्या तळव्यांनाही ते सोसवणार नाही. आमच्याकडे मे महिन्यात रात्री दहाच्या आधी ही परीक्षा पास होत नाही. तोपर्यंत शी-शूसाठी मागच्या अंगणात कडुनिंबाखाली, तेवढंच.

सर्जा कुठे झोपतो ते पाहून मी घराबद्दल बरंच शिकले. रेल्वेच्या जुन्या क्वार्टरमध्ये भिंती जाड होत्या, तशा आता नाहीत. स्लॅबखालची वरची खोली रात्री बारापर्यंत तापलेली असते. तळमजल्यावर, पश्चिमेची भिंत टाळून, शहाबादी फरशीवर त्याला जागा द्या. महागडी गादी आणली तरी उन्हाळ्यात तो ती पायाने सरकवून फरशीवरच पोट टेकतो. त्याच्याशी वाद घालू नका. पोटाला आणि मांड्यांच्या आत केस विरळ असतात, उष्णता तिथूनच बाहेर पडते. पाणी लावायचं तर तिथे आणि पंजांना लावा. पाठीवर वरून शिंपडलेलं पाणी केसांवरूनच ओघळून जातं.

केस काढून टाका, टक्कल करा, असा सल्ला देणारे शेकडो भेटतील. सलूनवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळे. करू नका. वरचा थर उन्हाची धग कातडीपर्यंत जाऊ देत नाही, आणि एकदा मुळापासून काढले तर केस पुन्हा सारखे उगवतीलच असं नाही. काढायची ती आतली मेलेली लोकर, ब्रशने. पोटाखालचे आणि पंजांमधले केस कात्रीने थोडे कमी केले तर चालतात.

पिण्याचं पाणी माठाचं. दोन भांडी ठेवा, एक त्याच्या खोलीत, एक मागे. बर्फाचा तुकडा चाटला तर चालतो. ताक द्यायचं तर पातळ, बिनमिठाचं, थोडं.

आणि ही गोष्ट ठळक लक्षात ठेवा: गच्चीवरच्या टाकीचं पाणी. मे महिन्यात दुपारी नळ सोडला तर हात मागे घ्यावा लागतो, एवढं ते तापलेलं असतं. उष्माघात झालेल्या कुत्र्यावर घाईत तेच पाणी ओतलं तर काय होईल? म्हणून मार्च लागला की आमच्या न्हाणीघरात सकाळीच एक मोठा टब भरून ठेवलेला असतो. तो कुणी कपड्यांना वापरायचा नाही, असा घरात नियम आहे. सासूबाईंनाही तो लागू आहे.

उष्माघात ओळखायचा कसा? साधं ल्हाल्हा करताना जीभ बाहेर असते, पण तो तुमच्याकडे बघतो, हाकेला कान हलवतो. धोक्याच्या वेळी जीभ रुंद पसरते, कडा वर वळतात, रंग गडद लाल होतो. लाळ घट्ट तारेसारखी लोंबते. नजर कुठेच ठरत नाही. उठला तर मागचे पाय लटपटतात, ओकारी किंवा जुलाब होतात. थर्मामीटर घरात हवाच, आणि तो शेपटीखाली लावायचा असतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ दिसलं की हातातलं सगळं सोडून त्याला थंड करायला लागा. १०५-१०६ म्हणजे जिवाशी गाठ.

आधी थंड करायचं, मग गाडीत घालायचं. सावलीत, फरशीवर आडवा करा. टबातलं पाणी तांब्याने, केस हाताने उलटे करत, कातडीपर्यंत पोचेल असं ओतत राहा, आणि पंखा थेट अंगावर लावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, खालची उष्णता तिथेच अडकते. पाणी समोर ठेवा, पण शुद्ध नसेल तर तोंडात ओतू नका. ताप उतरायची माणसांची गोळी अजिबात नाही. हा तो ताप नव्हे, आणि त्यातल्या काही गोळ्या कुत्र्याला विषासारख्या आहेत. पारा १०३ वर आला की पाणी थांबवा, नाहीतर तो फार खाली घसरतो. मग गाडीत एसी लावून डॉक्टरांकडे. तो उठून बसला, शेपूट हलवायला लागला, तरी न्यायचाच. मूत्रपिंडाला, यकृताला झालेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते.

उन्हाळ्याचं इतकं लिहिलं, पण डिसेंबर-जानेवारीही लिहायला हवेत. धुळ्याकडे पारा सात-आठवर येतो, आमच्याकडेही पहाटे कुडकुडायला होतं. तेव्हा सर्जा अंगणात उघड्यावर झोपतो. सासूबाई त्याच्यावर गोधडी टाकतात, तो ती तोंडाने ओढून बाजूला करतो. हा त्याचा मोसम. लांब फिरणं, नवं शिकवणं, पाहुण्यांकडे नेणं, सगळं या दोन-तीन महिन्यांत करून घ्या.

ताट, आणि आंब्याची कोय

खाणं सकाळी फिरून आल्यावर तासाभराने आणि रात्री उशिरा. दुपारी काही नाही, उन्हात तो खातही नाही. पिल्लू असताना मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी मिळतं तेच खाद्य द्या. वरून कॅल्शियमचं टॉनिक ओतू नका. हाडं झपाट्याने वाढवली की सांधे बिघडतात, आणि या जातीला खुब्याचा आणि कोपराचा त्रास आधीच घराण्यातून येतो. लठ्ठ पिल्लू गोंडस दिसतं, पण ते गोंडस दिसणं पुढे महागात पडतं. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत.

घरचं द्यायचं तर उकडलेलं बिनहाडाचं चिकन, भात, दुधीभोपळा, थोडी ज्वारीची भाकरी. हे सगळं वेगळ्या पातेल्यात शिजवा, कारण खान्देशी स्वयंपाकात कांदा-लसूण नाही असं काय असतं? भरीत, शेवभाजी, काळ्या मसाल्याचा रस्सा, यातलं बोटभरही नाही. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडावर जातात, म्हणून प्रसादाचा शिरा बेदाणे घातलेला असेल तर तोही नाही. केळं चालतं. यावलचं माहेर असल्यावर ते कसं टाळणार, पण अर्धंच.

सगळ्यात जपायचे दिवस आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे. लेकीबाळी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, खापराची पुरणपोळी आणि आमरस. रसाच्या कोयी पोरं कुठेही टाकतात. चोखलेली कोय एवढा मोठा कुत्रा एका घोटात गिळतो आणि ती आतड्यात जाऊन अडकते. मग ऑपरेशनशिवाय सुटका नाही. आखाजीला आमच्या ओट्याजवळ झाकणाचा डबा असतो आणि कोय त्यातच जाते. पाहुण्या पोरांना काम लावून द्या, कोयी मोजून टाकायचं. ती फार इमानाने करतात.

आणखी एक आजार खाण्याशी जोडलेला आहे आणि तो तासांत जीव घेतो. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट वायूने फुगतं आणि पीळ बसतो. पोट ढोलासारखं ताठ, कुत्रा अस्वस्थ, पुन्हा पुन्हा ओकायला बघतो आणि लाळेशिवाय काहीच येत नाही. ओव्याचं पाणी पाजत बसू नका, लगेच ऑपरेशन करणारा डॉक्टर गाठा. तसा डॉक्टर जवळ कोण आहे, रात्री फोन उचलतो का, हे कुत्रा आणण्यापूर्वीच विचारून ठेवा. तालुक्याचा सरकारी दवाखाना मुख्यतः गाईम्हशींसाठी असतो. तिथले डॉक्टर कितीही चांगले असले तरी हे ऑपरेशन तिथे होईलच असं नाही. काळजी म्हणून जेवण एकदम न देता दोनदा द्या आणि जेवणानंतर तासभर पळापळ नको.

सराटे आणि गोचीड

घरभर केस होणार. काळ्या पँटवर पांढरे, पांढऱ्या सदऱ्यावर काळे. रोज दहा मिनिटं ब्रश केला तर निम्मे केस ब्रशमध्ये येतात. आंघोळ महिन्यातून एकदा पुरे, पण मुळापर्यंत वाळवा. पावसाळ्यात आतली लोकर ओली राहिली की कातडी लाल होते, पाणी सुटतं आणि चाटून चाटून तो तिथे जखम करतो.

शेतात नेत असाल तर पावसाळा सरताना सराटे आणि कुसळं हा खरा उद्योग असतो. सर्जा बांधावरून दहा पावलं चालला की थांबतो, पुढचा पंजा वर धरतो आणि माझ्याकडे बघतो. मी तिथेच मांडी घालते. बोटांमधल्या केसांत सराटा असा गुंततो की ओढला तर काटा कातडीत मोडतो. आधी केस बाजूला करायचे, सराट्याच्या दोन्ही बाजूंचे केस बोथट टोकाच्या कात्रीने कापायचे, मग चिमट्याने वर उचलायचा. कुसळाचं टोक तर एकाच दिशेने आत सरकत जातं. पंजाच्या फटीत, कानात, काखेत शिरलं की गळू होतं. शेतातून आल्यावर चारही पंजे, कान, काखा बोटांनी चाचपायच्या. डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात. कपाशीवर किंवा केळीवर फवारणी झाली असेल तर त्या वावरात काही दिवस न्यायचंच नाही. तो पंजे चाटतो.

गोचीड आपल्याकडे बारा महिने. गोचीडताप या लांब केसांत लपून वाढतो, कारण गोचीड दिसतच नाही. कानांच्या मागे, गळपट्ट्याखाली, बोटांच्या मधे बघा. खाणं कमी झालं, अंग गरम, हिरड्या फिक्या, नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर रक्ततपासणी करून घ्या. "उन्हाने सुस्त झालाय" म्हणून सोडून देऊ नका. उन्हाळ्यात हे दोन्ही सारखेच दिसतात, घोटाळा तिथेच होतो. गोचिडांसाठी डॉक्टर वजनावर गोळी किंवा थेंब देतात. घरात बैलांच्या गोचिडांचं औषध पडलेलं असेल तर ते अंदाजाने कुत्र्याला चोळू नका.

माणसं, पोरं, पाहुणे

स्वभावाला हा कुत्रा लोण्यासारखा, पण अंगाने तो आडदांड, आणि ते त्याला ठाऊक नसतं. प्रेम आलं की तो अंग टेकवतो. पंचेचाळीस किलो सासूबाईंच्या गुडघ्यावर टेकले की काय होईल ते सांगायला नको. म्हणून "बस" हा शब्द आधी शिकवा. कोणीही जवळ आलं की बसायचं, मग हात फिरेल. पट्टा न ओढता चालणं तो वीस किलोचा व्हायच्या आत शिकला पाहिजे, नंतर तुमच्यात तेवढी ताकद राहणार नाही. शिकवताना ओरडलात तर तो मन मिटून बसतो. या जातीला कडक आवाज सोसत नाही. चिकनचा तुकडा आणि गोड बोलणं पुरतं.

लहानपणी ही पिल्लं बुजरी असू शकतात. बाजार, रिक्षा, बँड, टोपीवाले, बुरखेवाल्या, काठी टेकणारे आजोबा, सगळं त्यांना सहा महिन्यांच्या आत दाखवा, जवळून नाही, लांबून. तरीही कानबाई देवीच्या विसर्जनाची मिरवणूक आणि लग्नाचा डीजे दारावरून जाताना सर्जा मागच्या खोलीतच असतो.

पोरांशी त्याचं छान जमतं, पण पाठीवर बसायचं नाही, हे प्रत्येक नव्या पोराला सांगावं लागतं. घोडा-घोडा खेळायची इच्छा सगळ्यांना होते. पाठीचा आणि खुब्याचा सत्यानाश होतो. गाडी ओढायची हौस मात्र पुरवता येते. कुत्रा दोन वर्षांचा झाल्यावर, खुब्याचा एक्सरे चांगला निघाला तर, छातीवर बसणारा मऊ पट्टा आणि हलकी दोनचाकी. आमच्या ह्यांनी जुन्या सायकलच्या चाकांवर ती केलीय. जानेवारीच्या सकाळी सर्जा तिच्यात कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन येतो आणि सगळी गल्ली बघायला उभी राहते. पोळ्याला पोरं त्याच्या गळ्यात गोंडे बांधतात. ते तो रात्री खाऊन टाकायला बघतो, तेव्हा आठवणीने काढा.

घरातली चकचकीत टाइल ही त्याच्या सांध्यांची वैरीण. जिथे तो धावतो तिथे सतरंज्या किंवा तरटं टाका. घर कसं दिसतं याची हौस असेल तर हा कुत्रा नको. आणि वाढत्या वयात जिना नको.

प्रवासाचं थोडक्यात, कारण रेल्वेवाल्यांच्या घरात हे विचारायलाच लोक येतात. टू टायर, थ्री टायर, स्लीपरमध्ये कुत्रा नेता येत नाही. फर्स्ट एसीचा कूपे किंवा केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तरच सोबत. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत, पार्सल ऑफिसात पैसे भरून. उन्हाळ्यात त्या पेटीत या जातीचा कुत्रा घालायचा विचारही करू नका. आम्हाला मोठ्या तपासणीसाठी नाशिकला जावं लागतं. तेव्हा रात्री दोनला गाडी काढतो, उजाडायला पोचतो आणि ऊन कलल्यावर रात्रीच परत निघतो.

वय, आणि पिल्लू आणताना

बर्नीज फार जगत नाही. सात-आठ वर्षं, कधी त्याहून थोडी जास्त. या जातीत कर्करोग खूप आहे, त्यातही हिस्टिओसायटिक सार्कोमा नावाचा एक प्रकार हिच्याच वाट्याला फार येतो. विनाकारण लंगडणं, वजन उतरणं, खाण्यावरून मन जाणं दिसलं तर वाट बघू नका. सर्जाच्या तोंडावर आता पांढरे केस दिसायला लागलेत. त्याला सहामाहीला तपासून आणतो. घरात लहान पोरं असतील तर हे त्यांना आधीच सांगावं, असं माझं मत. बारावीत जाईपर्यंत कुत्रा असेलच असं धरून चालू नका.

पिल्लू घेताना आईला प्रत्यक्ष बघा, जमलं तर बापालाही. दोघांच्या खुब्याचे आणि कोपरांचे एक्सरे मागा. घराण्यात किती वयाला कुत्री गेली, ते विचारा. या प्रश्नांना चिडणाऱ्याकडून घेऊ नका. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. "पाच आठवड्यांचं आहे, घेऊन जा, लळा लवकर लागतो" म्हणणारा माणूस बाकी गोष्टींतही नियम पाळत नसणार. आईचा पत्ता लागू न देणारे आणि फोटोवर पैसे मागणारे, दोघांपासून लांब राहा.

आणि आणायचं तर दिवाळीचे फटाके संपल्यावर, नोव्हेंबरात. थंडीत त्याचे तिन्ही डोस आणि रेबीजची लस पूर्ण होते. त्याला अंगणात, रस्त्यावर, माणसांत फिरवायला दिवसाचे सगळे तास मोकळे मिळतात. होळी येईपर्यंत त्याला पहाटेची वेळ, त्याची खोली आणि पडदे ओढले की झोपायचं असतं हे कळलेलं असतं. एप्रिलमध्ये पिल्लू आणणाऱ्यांना मी फोनवर एवढंच म्हणते, विकणाऱ्याला सांगा की पुढच्या वेताला येतो, आणि तोपर्यंत इन्व्हर्टरची बॅटरी बदलून घ्या.